टाळी वाजवा, मी इथे आहे

“आ करा,” डॉक्टर म्हणाले.

मी केला.

“अजून मोठा. हं, तसाच ठेवा. काम काय करता तुम्ही?”

घशात त्यांचा आरसा असताना मी काय उत्तर देणार? ते काम शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माझ्या नवऱ्यानं केलं. “लायब्ररीत असते डॉक्टरसाहेब. लोकायले गप्प बसवते.”

“मोठ्यानं?”

“चौकातल्या पानवाल्याले ऐकू येते. तिचा आवाज आला की तो दिवाबत्तीले लागते.”

डॉक्टरांनी आरसा काढला, हात धुतले आणि सांगितलं, की माझ्या स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत. बारीक आहेत, आपोआप बसतील. पण त्यासाठी तीन आठवडे तोंडातून एक शब्द काढायचा नाही. काढला आणि गाठी वाढल्या तर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर आवाज कसा निघेल याची हमी कुणी देणार नाही.

“कुजबुजलं तर चालेल ना?” मी हळूच विचारलं.

“ते तर मुळीच नाही. कुजबुजण्यानं घशाला उलट जास्त त्रास होतो.”

मोरखेडच्या लोकहित वाचनालयात मी तेव्हा वीस वर्षं ग्रंथपाल होते आणि वीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगत होते, बोलायचंच असेल तर कुजबुजा. सगळ्या गावाच्या घशाचं काय झालं असेल या विचारानं मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरले.

परतीच्या एसटीत दिगंबरराव खिडकीशी बसले. आमचे दिगंबरराव संत्र्याच्या कलमांची नर्सरी चालवतात. दिवसभर मातीत राबणारा, मोजकं बोलणारा माणूस. पण कंडक्टर आला तेव्हा “मोरखेड, दोन द्या!” असं ते इतक्या प्रसन्नपणे म्हणाले, की मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

“मी काय केलं?” ते म्हणाले. “मले वाईटच वाटून राह्यलं ना बाप्पा.”

आणि पुढचे सगळे थांबे ते खिडकीबाहेर बघत स्वतःशीच हसत होते.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात पाटी घेऊन गेले. पाटीवर लिहिलं, ‘मला तीन आठवडे बोलायची मनाई आहे.’ ही पाटी पहिल्यांदा वाचली ती खेरडेकाकांनी. खेरडेकाका म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. आमच्या पंख्याखालची कोपऱ्यातली खुर्ची त्यांची. पेपर उघडायचा, तोंडावर घ्यायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याखाली झोपायचं, हा त्यांचा वाचनाचा छंद. त्यांनी पाटी नीट वाचली, माझ्या हातातून खडू घेतला आणि खाली लिहिलं, ‘मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा.’

“काका, तुम्ही बोला की, तुम्हाला थोडीच मनाई आहे!” असं मला ओरडावंसं वाटलं. ओरडता येईना. बघता बघता सगळेच माझ्याशी लिहून बोलायला लागले. पाटीसमोर रांग लागली. कुणी ‘हळद-दूध’ लिही, कुणी ‘नवीन दिवाळी अंक आले का’. दुपारपर्यंत माझा पदर खडूनं पांढरा झाला आणि पाटी फुटली.

मग मी मोबाइलकडे वळले. तोवर मोबाइल म्हणजे आलेला फोन घेणं आणि सकाळी नातेवाइकांनी पाठवलेली फुलं पुसून टाकणं, एवढाच माझा संबंध होता. आता गरज पडली म्हणून मी एकेक ॲप उतरवून बघायला लागले, आणि सांगायला हरकत नाही, मला त्याचा नादच लागला.

पहिलं ॲप आवाज मोजायचं होतं. खोलीत गलका वाढला, की पडद्यावर लाल दिवा लागे. मी फोन टेबलावर उभा करून ठेवला. लाल दिवा बघून लोक गप्प बसतील अशी माझी अपेक्षा. झालं भलतंच. दिवा लागतो कसा, हे बघायला एक जण खोकला. मग दुसरा खोकला. मग खाकरून, शिंकून, खुर्ची सरकवून कुणाचा लाल जास्त लाल होतो याची चढाओढ लागली. ते ॲप मी तासाभरात काढून टाकलं.

दुसरं, पाणी पिण्याची आठवण करून देणारं. घशाला ओलावा हवा, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या ॲपची घंटा म्हणजे झऱ्याची खळखळ. ती थोड्या थोड्या वेळानं वाचनकक्षात घुमायला लागली आणि आमचे वयस्कर वाचक एकामागून एक उठून मागच्या बाजूच्या मुतारीकडे जायला लागले. तेही काढलं.

तिसरं मात्र ठेवलं. पुस्तकं लावताना फोन कुठल्या तरी कप्प्यात विसरायची मला सवय, आणि तो शोधायला दुसऱ्या फोनवरून रिंग द्यावी तर वाचनालयात सगळे फोन मुके ठेवायचे, हा माझाच नियम. या ॲपला टाळी वाजवलेली कळायची. तुम्ही टाळी वाजवा, फोन जिथं असेल तिथून बाईच्या आवाजात मोठ्यानं ओरडणार, “मी इथे आहे! मला उचला!” मुका ठेवला असला तरी ओरडणार. आता रोज दुपारी मी कपाटांच्या रांगांतून टाळ्या वाजवत फिरायचे. लोकांना वाटलं, बाईंनी आवाजापाठोपाठ डोकंही गमावलं. तरी कुणी काही म्हणालं नाही, कारण लिहायला पाटी नव्हती.

आणि चौथं ॲप, जिच्यामुळे हे सगळं रामायण घडलं ती बाई.

आपण मराठीत लिहायचं आणि फोनमधली तीच बाई ते बोलून दाखवणार. पुन्हा पुन्हा लागणारी वाक्यं बटणांवर साठवून ठेवायची सोय होती. बाईचा आवाज असा, की साखरेचा पाक. एकेक शब्द सुटा, एकेक उच्चार स्वच्छ, राग नाही, लोभ नाही. मी पहिल्याच दिवशी वाचनालयाची बटणं केली: ‘कृपया शांतता राखा’, ‘आपले पुस्तक परत करण्याची तारीख उलटून गेली आहे’, ‘ओळींखाली रेघा मारू नका’. घरी जाऊन घरची केली.

संध्याकाळी दिगंबरराव नर्सरीतून आले. त्यांचे चिखलाचे पाय आणि माझी पुसलेली फरशी हे आमचं लग्नापासूनचं भांडण. ‘अहो, पाय पुसा!’ हे मी इतक्यांदा ओरडले होते, की घशातल्या गाठींपैकी एक तरी नक्की त्याचीच असणार. पण त्यांच्या कानावर ते वाक्य कधी पडलंच नव्हतं. मी बटण दाबलं.

“कृपया पाय पुसून आत या,” बाई म्हणाली.

दिगंबरराव उंबऱ्यात थबकले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि निमूटपणे पायपुसण्यावर पाय पुसले. आधी उजवा, मग डावा.

“कोण आहे वो ही?” त्यांनी विचारलं. मी फोन दाखवला. “बरी बोलते. पुण्याकडची दिसते.”

त्या दिवसापासून त्यांनी तिचं नाव ‘पुणेवाली’ ठेवलं आणि ती म्हणेल ते ऐकायला लागले. तिनं म्हटलं, ओला टॉवेल दोरीवर टाका, की टॉवेल दोरीवर. तिनं म्हटलं, दळण आणा, की हे पिशवी घेऊन निघाले. मी समोर उभी असायचे, पण बोलताना ते फोनकडे बघून बोलायचे. एकदा तर जेवताना म्हणाले, “तिले विचार ना, भाजीत मीठ कमी हाये का?”

मी त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण रडले खरी. पंचवीस वर्षं मी जिवाच्या आकांतानं बोलले ते या माणसाला ऐकू गेलं नाही, आणि दोन दिवसांच्या या बाईचं ऐकतोय.

बटणांचे घोळही होतच होते. घाईत चुकीचं बोट पडायचं. जेवण झाल्यावर एकदा मी यांना बडीशेप देत बटण दाबलं, तर बाई म्हणाली, “आपले पुस्तक परत करण्याची तारीख उलटून गेली आहे.” हे बिचारे कपाटं धुंडाळायला लागले. आणि वाचनालयात खेरडेकाका पुस्तक बदलायला आले, तर बाई त्यांना गोड आवाजात म्हणाली, “पाणी तापलं आहे, आंघोळ करून घ्या.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिलं. छत्री उचलली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी न्हाऊन-माखून, इस्त्रीचा सदरा घालून, कानात अत्तराचा फाया ठेवून आले आणि टेबलाशी वाकून फोनला म्हणाले, “केली बरं का.”

एकाच बाबतीत ती बाई पार नापास झाली. संध्याकाळी वाचनालय बंद करायची माझी एक हाक होती. दारात उभं राहून मी पोटातून ओरडायचे, “चला, उठा! कुलूप लावते!” त्याबरोबर वर्तमानपत्रांच्या घड्या पडायच्या, खुर्च्या आत सरकायच्या आणि झोपलेले खेरडेकाका डोळे मिटलेलेच उठून छत्री घेऊन दाराकडे चालायला लागायचे. बाई त्याऐवजी म्हणायची, “वाचनालय बंद होण्याची वेळ झाली आहे. कृपया सहकार्य करावे.” लोक म्हणायचे, वा, किती गोड! आणि पान उलटायचे. मला एकेकाच्या हातातून पेपर ओढावा लागायचा. काकांना खांदा धरून गदागदा हलवावं लागायचं.

नेमकं हे गोड बोलणं ऐकलं ते आमच्या अध्यक्षांनी. चर्जनभाऊ म्हणजे संत्र्यांना मेण चोपडून पेट्या भरायच्या कारखान्याचे मालक. वाचनाशी त्यांचं वैर नव्हतं, ओळखच नव्हती. पण नवं काही दिसलं, की ते आणायचं आणि त्याचं उद्घाटन करायचं, हा त्यांचा स्वभाव. ते टेबलाशी आले, बाईचं ‘कृपया शांतता राखा’ तीनदा दाबून ऐकलं आणि खुर्ची ओढून बसले.

“मॅडम, एक विचार आला,” ते म्हणाले. “तुम्ही बोलत होत्या तेव्हा लोक तक्रारी करायचे, बाई खेकसतात म्हणून. मी मनावर घेत नव्हतो. पण आता पाहा, आठ-दहा दिवसांत एक तक्रार नाही. मग आपण असं करू, असा एक फोन इथं कायमचा ठेवून देऊ. तुम्ही सकाळी दोन तास या, पुस्तकं लावा आणि जा घरी. अर्धवेळ. तुमच्याही घशाला बरं.”

मी मान जोरजोरात हलवली.

“आनंद झाला ना? मला वाटलंच होतं. सर्वसाधारण सभेत ठराव ठेवतो.”

मी टाइप केलं: ‘नाही, मला हे मान्य नाही.’ बाईनं ते इतक्या लाडिकपणे म्हटलं, की चर्जनभाऊ हसले. “संकोच करू नका हो!” असं म्हणून ते गेले.

दुपारचं वाचनालय माझ्याकडून जाणार होतं. सकाळच्या दोन तासांत तिथं कोण असतं? पाल असते. माणसं दुपारी येतात. कोण कुठल्या खुर्चीवर बसणार, कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाला पहिलं पान लागतं आणि कुणाला कोडं, हे सगळं सोडून मी घरी बसून काय करणार होते? संत्र्याच्या कलमांना गप्प बसा म्हणणार होते?

मी दिगंबररावांना सांगायचं ठरवलं. पण सांगायचं म्हणजे तिच्याच तोंडून. बाई म्हणाली, “मला अर्धवेळ करणार आहेत.” हे म्हणाले, “बरंच झालं.” आणि पाय पुसून आत गेले.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मला तपासणीला अमरावतीला जायचं होतं. चर्जनभाऊंनी ती संधी साधली. “फोन ठेवून जा, मॅडम. एक दिवस चालवून पाहू. प्रात्यक्षिक!” ठरावीक वेळी ठरावीक वाक्य आपोआप बोलायची सोय त्या ॲपमध्ये होतीच. मी फोन टेबलावर ठेवला आणि एकटीच गेले. डॉक्टर म्हणाले, गाठी बसत आल्यात, आता शेवटचा आठवडा नेटानं काढा, एकही शब्द नको.

परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. वाचनालयाला कुलूप होतं. चर्जनभाऊंच्या ड्रायव्हरनं लावून टाकलं होतं. फोन घ्यावा म्हणून मी माझ्याकडची किल्ली काढली, तर आतून आवाज आला. टाळीचा. पाठोपाठ बाईचा: “मी इथे आहे! मला उचला!”

मग पुन्हा टाळी. “मी इथे आहे!” आणि मग एक थरथरता म्हातारा आवाज, “बरं वाटलं वो बाई. मी पण इथंच हाये.”

दार उघडून दिवा लावला. खेरडेकाका आपल्या खुर्चीवर, छत्री मांडीवर. सहकार्य करावे, हे त्यांना झोपेत ऐकू गेलं नव्हतं आणि पेपरखालचा माणूस ड्रायव्हरला दिसला नव्हता. जाग आली ती अंधारात. डास चावायला लागले म्हणून त्यांनी एक डास टाळीत मारला, आणि अंधारातून बाई बोलली.

“लई धीर देल्ला बाईनं,” काका मला सांगत होते. “मी म्हणलं, माह्यासंगं कोणी नाई. डास मारला की म्हणे, मी इथे हाये. मले उचला म्हणे. आता या वयात मी कोणाले उचलू? पण जीव लावला.”

मी त्यांना घरापर्यंत सोडलं. मला वाटलं, चला, एक बरं झालं. माणूस कुलपात राहिला हे कळल्यावर चर्जनभाऊंचं खूळ जाईल.

सभा रविवारी दुपारी वाचनकक्षातच होती. बोलायची परवानगी मिळायला अजून दोन-तीन दिवस बाकी होते. सगळे सभासद जमले, त्यांत दिगंबररावही धुतलेल्या सदऱ्यात पहिल्या रांगेत. चर्जनभाऊंनी माझा फोन हौसेनं आपल्यासमोर टेबलावर उभा केला होता. मागं हाराची ताटली.

आमच्या वाचनालयाची एक रीत होती. ठरावाला एक सूचक लागतो, एक अनुमोदक लागतो आणि मग हात वर करून मोजणी वगैरे भानगड नाही. टाळ्या वाजल्या, की अध्यक्ष म्हणतात, “टाळ्यांच्या गजरात मंजूर,” आणि झालं.

पहिला ठराव मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा. टाळ्या वाजल्या.

“मी इथे आहे! मला उचला!” बाई ओरडली.

सभा दचकली आणि मग खूश झाली. दुसऱ्या ठरावाला लोकांनी मुद्दाम जास्त टाळ्या वाजवल्या. “मी इथे आहे! मी इथे आहे!” आयुष्यात कधी सभेला न थांबणारी माणसं थांबली होती. चर्जनभाऊ हात पसरून म्हणाले, “पाहा! किती तत्पर! आपले कितीक सभासद तर नाव पुकारलं तरी बोलत नाहीत.”

मग आले ऐनवेळचे विषय. चर्जनभाऊंनी अर्धवेळचा ठराव वाचला आणि साक्षीदार म्हणून उभं केलं ते खेरडेकाकांनाच. मी मनात म्हटलं, आता कळेल.

“अंधार होता,” काका भरल्या गळ्यानं म्हणाले. “कोणी नव्हतं. पण बाई होती. एक डाव नाई चिडली. दर डासाले उत्तर देल्लं तिनं.”

टाळ्या. “मी इथे आहे!” काकांनी फोनला हात जोडले, खाली बसले, पेपर तोंडावर घेतला.

“ठरावाला अनुमोदन कोण देतं?”

आणि पहिल्या रांगेतून एक हात वर गेला. मातीनं नखं काळी झालेला, माझ्या चांगल्या ओळखीचा हात. दिगंबररावांचा.

मी टेबलापाशी गेले, फोन ओढून घेतला आणि उभ्या उभ्या टाइप केलं. मनात आलं ते सगळं. बटण दाबून फोन वर धरला.

बाई बोलली. पाकातल्या आवाजात, सुटं सुटं, प्रेमानं.

“हा ठराव शुद्ध मूर्खपणाचा आहे. अध्यक्षांनी आजवर या वाचनालयातून एकच पुस्तक नेले आणि ते अजून परत केलेले नाही. तुम्ही एका म्हाताऱ्या माणसाला कुलपात कोंडले आणि त्याचे कौतुक करता. मला भयंकर राग आला आहे. तुम्हा सगळ्यांना लाज वाटली पाहिजे. धन्यवाद.”

मग चर्जनभाऊ सद्गदित होऊन म्हणाले, “काय ते उच्चार! काय ती वाणी!” आणि टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. माझ्याच हातात बाई किंचाळायला लागली, “मी इथे आहे! मला उचला! मी इथे आहे!” मी बंद करायला बघते, बोटं घामानं निसटतात, आणि ती थांबेना म्हणून लोक थांबेनात, आणि लोक थांबेनात म्हणून ती थांबेना.

“तर टाळ्यांच्या गजरात ठराव मं—”

मला म्हणायचं होतं, इथं ती नाही, मी आहे. वीस वर्षं मी आहे. त्यासाठी मी तोंड उघडलं. गाठी, डॉक्टर, ऑपरेशन, काही म्हणून आठवलं नाही. पण घशाला बिचाऱ्याला एकच वाट पाठ होती. बाहेर पडलं ते हेच:

“चला, उठा! कुलूप लावते!”

खिडकीच्या काचा थरारल्या. टाळ्या मध्येच तुटल्या. आणि कोपऱ्यात खेरडेकाका उठले, मिटलेल्या डोळ्यांनी पेपरची घडी घातली, छत्री घेतली आणि दाराकडे चालायला लागले.

त्यांच्यामागून दुसरा उठला. मग तिसरा. कुणी खुर्ची आत सरकवली, कुणी चष्मा खिशात घातला. सगळी सभा एका रांगेत, खाली मान घालून, दारातून बाहेर पडायला लागली. चौकातल्या पानवाल्यानं भर दुपारी दिवा लावला. खुद्द चर्जनभाऊ हार हातात घेऊन चपला शोधत होते. उजव्या पायात चप्पल सरकवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण अध्यक्ष आहोत.

“अहो, सभा संपली नाही! गणपूर्ती! गणपूर्ती होईल इतके तरी थांबा!” ते ओरडले. पण गणपूर्ती तोवर चहाच्या टपरीवर पोचली होती. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली आणि तो ठराव पुन्हा कधी आला नाही. नंतर चर्जनभाऊंनी ते एकुलतं एक पुस्तकही आणून दिलं. न उघडलेलं होतं.

रिकाम्या खुर्च्यांमध्ये दिगंबरराव तेवढे बसून होते. त्यांचे डोळे भरले होते.

“आवाज आला तुहा,” ते म्हणाले. “अख्खाच्या अख्खा आला, कुमुद. मले वाटलं होतं, गेला.”

मी त्यांच्या मघाशी वर गेलेल्या हाताकडे बोट दाखवलं.

“अनुमोदन? ते तर तुह्या गळ्यासाठी. अर्धा दिवस घरी राह्यली तर गळ्याले आराम भेटन, म्हणून.” ते खाली बघून पुढं म्हणाले, “त्या पुणेवालीचं पण म्हणूनच ऐकत होतो. म्हणलं, एकदाच सांगू दे. दोनदा नको सांगाले लागाले.”

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. बोलता आलंच नसतं. त्या एका हाकेनं घसा असा सोलवटला होता, की डॉक्टरांनी नंतर मला आणि माझ्या देखत यांना जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. ऑपरेशन टळलं, पण पुन्हा महिनाभर मौन लागलं, आणि आज इतक्या वर्षांनीही माझा आवाज थोडा फाटकाच आहे. चौकापर्यंत जात नाही. पानवाल्यानं घड्याळ घेतलं.

सभेच्याच संध्याकाळची गोष्ट. घरी येऊन मी फोनमधली सगळी ॲपं काढून टाकली. बोलणारी बाई काढली, टाळी ओळखणारं काढलं. स्वयंपाकाला लागले, तेवढ्यात वीज गेली. मी काडेपेटी चाचपत असताना बाहेरून पावलं आली आणि उंबऱ्यापाशी थांबली.

अंधारात एक टाळी वाजली.

मी गप्प. बोलायची मनाई होती, आणि माझ्याऐवजी बोलणारं घरात आता कुणी नव्हतं.

पुन्हा टाळी वाजली, जरा घाबरून.

मी हातातली काडेपेटी ओट्यावर ठेवली आणि टाळी वाजवली.

“हां, हायेस,” अंधारातून दिगंबरराव म्हणाले. “बस, तेवढंच पाहत होतो.”

आणि मला पायपुसण्यावर पाय घासल्याचा आवाज आला. आधी उजवा, मग डावा.